कशावरून?

साध्या लंबकाचा प्रयोग विज्ञान शाखेच्या कोणाही विद्यार्थ्याला चुकलेला नाही. स्टँडला दोरी बांधायची, खाली धातूचा गोळा लटकवायचा, स्टॉपवॉच घेऊन वीस आंदोलनं मोजायची, लांबी बदलून पुन्हा मोजायची, आलेख काढायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण ठरवायचं. उत्तर 9.8 यायला हवं, हे प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून ते येतंच. नाही आलं तर रीडिंग जरा पुढेमागे सरकवलं जातं, मागच्या वर्षीच्या जर्नलातला तक्ता समोर ठेवून आकडे ‘बसवले’ जातात, आणि जर्नल सर्टिफाय होतं. यात विद्यार्थ्याला दोष देऊन भागणार नाही. 9.8 ला गुण आहेत, 9.6 ला नाहीत, आणि 9.6 का आलं या प्रश्नाला तर परीक्षेत जागाच नाही.

खरं विज्ञान मात्र त्या 9.6 मध्ये होतं. मीटरभराचा लंबक घेतला आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या हुकापर्यंतच मोजली, तर दोनेक सेंटिमीटर कमी भरतात आणि 9.8 चं 9.6 होतं. स्टॉपवॉच सुरू करताना तोंडातून ‘शून्य’ऐवजी ‘एक’ निघून गेलं, तर प्रत्यक्षात 19 आंदोलनं होतात आणि वहीत 20 लिहिली जातात. मग उत्तर फुगून 10.9 च्या आसपास जातं. चुकलेला आकडा मुका नसतो. कुठे बिघडलं ते तो सांगतो, किती बिघडलं तेही सांगतो. 10.9 पाहून ‘मोजणी एकने चुकली असणार’ असा तर्क जो करतो आणि पुन्हा मोजून तो पडताळतो, त्याने त्या दुपारी गॅलिलिओच्या घराण्यातलं काम केलं. ज्याने 10.9 खोडून 9.8 लिहिलं, त्याला पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य पुन्हा एकदा मिळालं, एवढंच. गुणपत्रिकेत मात्र बहुधा हा दुसराच पुढे असतो.

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वैज्ञानिक साक्षरतेचा विषय निघाला की चर्चा माहितीच्या अंगाने जाते. इलेक्ट्रॉन अणूपेक्षा लहान असतो हे किती जणांना माहीत आहे, अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही हे किती जणांना माहीत आहे, अशा प्रश्नांचे तक्ते छापून येतात, आकडे पाहून हळहळ व्यक्त होते आणि अभ्यासक्रमात आणखी एक प्रकरण घालण्याची मागणी होते. ही मागणी दुखणं एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी अशी आहे. साक्षरता ओळखायची ती ‘कशावरून?’ या एका शब्दावर. हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. भाजीवाली कोथिंबीर आजचीच आहे म्हणाली, की आपण विचारतो. स्थळ चांगलं आहे असं कुणी सांगितलं, की दहांदा विचारतो. वर्गाच्या दाराशी मात्र तो चपलांसारखा बाहेर काढून ठेवला जातो. विज्ञान म्हणजे ठरलेल्या उत्तरांचं गाठोडं अशी समजूत करून देऊन आपण विद्यार्थ्याला पदवी देतो, आणि बाहेर पडल्यावर अफवा, जाहिरात, जडीबुटी आणि कुंडली यांच्यापुढे तो निरक्षरासारखा उभा राहिला की आश्चर्य करतो.

निव्वळ माहितीने काम भागत नाही याचा एक गाजलेला दाखला अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातला आहे. 1987 साली मॅथ्यू श्नेप्स आणि फिलिप सॅडलर यांनी तिथल्या पदवीदान समारंभाच्या दिवशी कॅमेरा लावला आणि विद्यार्थी, प्राध्यापक, माजी विद्यार्थी अशा 23 जणांना ऋतू का बदलतात किंवा चंद्राच्या कला का होतात हे समजावून सांगायला लावलं. 21 जणांचं स्पष्टीकरण चुकलं. ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात झगे घातलेले पदवीधर छातीठोकपणे सांगताना दिसतात, की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उकडतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14 कोटी 70 लाख किलोमीटरवर. आणि सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15 कोटी 20 लाख किलोमीटरवर. नाशिकची द्राक्षं गारठतात तेव्हा सूर्य आपल्याला त्यातल्या त्यात जवळ असतो.

या चुकीत माहितीचा अभाव नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डिसेंबरात मेलबर्नला कसोटी सामना सुरू असतो आणि तिथले प्रेक्षक टोप्या घालून उन्हात बसलेले असतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजातल्या मुलाला माहीत आहे. पृथ्वी जवळ गेल्याने उन्हाळा येत असता तर तो सगळ्या पृथ्वीला एकाच वेळी आला असता. मेलबर्नला घाम आणि महाबळेश्वरला शाल असं झालंच नसतं. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी पडलेल्या असतात, पण एकीने दुसरीला प्रश्न विचारलेला नसतो. आपल्या डोक्यावरचं आकाशही त्याला हेच सांगत असतं. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला आहे, त्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुंबई-पुण्याकडे हा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याला येतो. डिसेंबरात त्याच काठीची दुपारची सावली लांबलचक पडते. आसाचा कल, किरणांचा तिरकेपणा, दिवसाची लांबी हे सारं ‘पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे’ या पाठ वाक्यात आहे. आणि अंगणातल्या एका काठीतही आहे. पाठ वाक्याला गुण मिळतात. काठी कोणी रोवत नाही.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी या प्रश्नाचा पाठपुरावा सर्वांत चिकाटीने केला. ॲरिझोना राज्य विद्यापीठात इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी 1980च्या दशकात एक चाचणी तयार केली, आणि 1992 साली तिचं सुधारलेलं रूप प्रसिद्ध झालं. तीत आकडेमोड नाही. ट्रक आणि छोटी गाडी यांची टक्कर झाली तर कोणाचा कोणावर जास्त जोर, असे साधे प्रश्न आहेत. न्यूटनचा तिसरा नियम दोन्ही जोर सारखेच असल्याचं सांगतो. हा नियम घडाघडा म्हणणारे विद्यार्थीही ‘ट्रकचा जोर जास्त’ असं उत्तर देतात. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एरिक मेझर यांना आपल्या विद्यार्थ्यांचं असं होणार नाही अशी खात्री होती. त्यांनी चाचणी घेतली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला खरोखर वाटतं तशी? शिक्षणावरचे ग्रंथ एका पारड्यात आणि हा प्रश्न दुसऱ्या पारड्यात घातला तरी प्रश्नाचं पारडं मला जड वाटतं. परीक्षेपुरतं एक विश्व आणि जगण्यापुरतं दुसरं, ही वाटणी ती मुलगी प्रामाणिकपणे बोलून गेली. आपल्याकडे ती वाटणी इतकी मुरलेली आहे, की बोलून दाखवायची गरजही पडत नाही.

मेझर यांनी मग शिकवण्याची पद्धतच बदलली. थोडं समजावून द्यायचं, एक अडचणीचा प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर नोंदवायचं, आणि मग शेजारच्याला ते ‘कशावरून’ ते पटवून द्यायचं. 1998 साली रिचर्ड हेक यांनी अशा आणि नेहमीच्या मिळून 62 अभ्यासक्रमांतल्या 6,542 विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र मांडले. सुरुवातीला जेवढं शिकायचं बाकी होतं, त्यातलं निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी 23 टक्के पदरात पडलं. वाद घालायला लावणाऱ्या वर्गांत 48 टक्के. हे आकडे शिक्षकांनी स्वतःहून पाठवलेले होते, आणि हुरूप असलेलेच शिक्षक असे आकडे पाठवतात, हा आक्षेप इथे घ्यायलाच हवा. म्हणून 2014 साली प्रसिद्ध झालेलं दुसरं संकलन जास्त भरवशाचं: विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित शिकवण्याच्या 225 अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावर व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के दिसलं, सहभागाच्या वर्गांत सुमारे 22. आपल्याकडे शंभर-सव्वाशेच्या वर्गात हे कसं जमायचं, अशी शंका कोणीही प्राध्यापक काढेल. मेझर यांचे वर्गही मोठ्या सभागृहात भरणारेच होते. शेजारी प्रत्येकाला असतोच. अडचण संख्येची नाही. सत्र संपायच्या आत पोर्शन संपवायचा असतो, आणि वर्षअखेरीला ‘अपेक्षित प्रश्न’ कोणते ते सांगायचं असतं, ही आहे.

माहिती भरपूर आणि कसोटी नाही, याचा दुसरा परिणाम भाषेत दिसतो. मराठीत ‘शास्त्र’ हा शब्द भौतिकशास्त्रालाही लागतो, ज्योतिषशास्त्रालाही आणि वास्तुशास्त्रालाही. घरात एखादी रीत का पाळायची असं विचारलं तर ‘शास्त्र असतं ते’ असं उत्तर मिळतं, आणि तिथे प्रश्न संपतो. म्हणजे ज्या शब्दाने प्रश्न सुरू व्हायचा, तोच प्रश्न मिटवायला वापरला जातो. हे फक्त आपल्याकडे घडतं असं समजायचं कारण नाही. ॲरिझोना विद्यापीठात वीस वर्षांच्या काळात जवळपास 10,000 पदवीपूर्व विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यातल्या 78 टक्क्यांना फलज्योतिष ‘खूप’ किंवा ‘थोडंफार’ वैज्ञानिक वाटत होतं, आणि विज्ञान विषय घेतलेल्यांतही ते ‘मुळीच वैज्ञानिक नाही’ असं ठामपणे म्हणणारे फक्त 52 टक्के होते. इंग्रजीत खगोलशास्त्र आणि फलज्योतिष यांची नावं कानाला सारखी लागतात, तेव्हा काहींचा निव्वळ शब्दाचा घोटाळा झाला असेल. तो वजा केला तरी उरतं ते थोडं नाही. भारतात तर विद्यापीठांच्या शिखर संस्थेनेच हा घोटाळा अधिकृत केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 साली ‘ज्योतिर्विज्ञान’ शिकवण्याचा निर्णय घेतला, त्याविरुद्ध वैज्ञानिक न्यायालयात गेले, आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने अभ्यासक्रम ठरवणं हे शिक्षणतज्ज्ञांचं काम आहे असं म्हणून दाद दिली नाही. ज्या राज्यघटनेच्या कलम 51 अ मध्ये 1976 पासून वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, तिच्याच छायेत हे घडलं.

इथे एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो विज्ञानाच्या शत्रूचा नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ मॉरिस शेमॉस यांनी 1995 साली एक पुस्तक लिहून मांडलं, की सर्वांना विज्ञानसाक्षर करणं हे मृगजळ आहे. विज्ञान अवघड आहे, अफाट आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जनुकशास्त्र कळण्याची गरज नाही, त्याला तज्ज्ञाचा सल्ला योग्य रीतीने घेता आला म्हणजे झालं. यातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्यात मात्र सगळा प्रश्न दडलेला आहे: तज्ज्ञ कोण, हे ठरवायचं कसं? कोरोनाच्या काळात प्रत्येक दाव्यामागे कोणी ना कोणी पांढरा कोट घालून उभा होता. आणि तज्ज्ञालाही आपल्या आकड्यांचा अर्थ कळतोच असं नाही. 1978 साली हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळात 60 जणांना, म्हणजे विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि वरिष्ठ डॉक्टर यांना, एक प्रश्न विचारला गेला. एक रोग हजारात एकाला होतो. त्याची तपासणी निरोगी माणसांपैकी 5 टक्क्यांना चुकून रोगी ठरवते. एखाद्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर त्याला खरोखर रोग असण्याची शक्यता किती? जवळपास निम्म्यांनी 95 टक्के असं सांगितलं. हजार माणसं डोळ्यांसमोर आणली तर उत्तर बोटांवर येतं: एक खरा रोगी, आणि उरलेल्या 999 निरोग्यांतले पन्नासेक जण चुकून सापडलेले. एकावन्नात एक, म्हणजे सुमारे 2 टक्के. हे बरोबर सांगणारे 60 पैकी 11 निघाले. यात लागतं ते चौथीचं गणित आणि ‘हजारांत किती?’ असं विचारायची सवय. असा अहवाल वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या हातातही कधी ना कधी पडणारच आहे, आणि आपण त्याला दहावीनंतर विज्ञानापासून जवळपास कायमची सुट्टी देऊन टाकतो.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: रॉकेट सोडण्याआधी इस्रोचे प्रमुख तिरुपतीला जाऊन येतात, मग तुमचा वैज्ञानिक दृष्टिकोन कुठे राहिला? माझ्या मते या उदाहरणाचा अर्थ उलटा लावला जातो. दर्शन घेऊन आलेला शास्त्रज्ञ यानाचा मार्ग न्यूटनच्या नियमांनीच आखतो, इंधनाची गळती सेन्सरवर दिसली तर काउंटडाउन थांबवतो; नवस बोललो आहे म्हणून पुढे चला, असं तो म्हणत नाही. मनाचा आधार आणि दाव्याची कसोटी या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. देवावर श्रद्धा नको अशी अट विज्ञानसाक्षरतेत नाही. अट एवढीच, की जिथे दावा तपासता येण्याजोगा आहे तिथे तो तपासू द्यायचा. गंडा बांधल्याने कावीळ उतरते हा असा दावा आहे. तो श्रद्धेच्या आड लपवला की माणसं दगावतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच आयुष्यभर सांगत राहिले, आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. म्हणून ‘कशावरून’ हा निरुपद्रवी शब्द आहे असं निदान महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली सुमारे 1,500 अमेरिकी प्रौढांच्या पाहणीतून दाखवलं, की विज्ञानाची माहिती आणि आकडेमोडीचं कौशल्य जास्त असलेल्या लोकांत हवामानबदलाविषयीची फूट कमी होत नाही, उलट वाढते. शिकलेला माणूस आपल्या गटाची बाजू वकिलासारखी आणखी चांगली लढवतो. मग विज्ञान शिकवून काय साधलं? हा निष्कर्ष मी झटकून टाकणार नाही, कारण तो याच लेखातल्या मुद्द्याला बळ देतो. दुसऱ्याला ‘कशावरून’ विचारणं सोपं असतं. स्वतःला विचारणं, आणि ‘काय दिसलं तर मी माझं मत सोडीन’ हे आधीच लिहून ठेवणं, ही वेगळी शिस्त आहे आणि ती आपोआप येत नाही. ती सवयीने, संगतीत, वर्गात लावावी लागते. अमेरिकेत जॉन मिलर यांनी अनेक दशकं प्रौढांची विज्ञानसाक्षरता मोजली. वर्तमानपत्रातलं विज्ञानाचं पान समजण्याइतकी तयारी, हे त्यांचं माप. या मापाला उतरणारे 1988 साली सुमारे 10 टक्के होते, 2008 साली 28 टक्के. मिलर याचं श्रेय बऱ्याच अंशी तिथल्या एका प्रथेला देतात: इतिहास किंवा वाणिज्य शिकणाऱ्यालाही महाविद्यालयात विज्ञानाचा एखादा अभ्यासक्रम घ्यावाच लागतो. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणजे एकीने दुसरी वाढवली असं सिद्ध होत नाही, हे खरं. तरी सूचना घेण्याजोगी आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडेही दुसऱ्या शाखेतला विषय ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेण्याची वाट उघडली आहे. तिथे पुन्हा व्याख्या आणि आकृत्यांचं पुस्तक ठेवलं तर ती वाट फुकट जाईल. तिथे एखादा दावा ठेवावा, आणि सत्रभर त्याची छाननी करावी.

असा एक दावा महाराष्ट्रातच तपासून तयार आहे. 2008 साली डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार मुलं आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेली मुलं यांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या. प्रत्येक ज्योतिषाला 40 कुंडल्या दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 28 किंवा जास्त बरोबर आल्या तर त्यात तथ्य मानावं, असा निकष ठेवला. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल 40 पैकी 24 चा होता, आणि सर्वांची सरासरी निम्म्याच्याही खाली राहिली. एका संस्थेने सगळ्या 200 कुंडल्या पाहिल्या. तिची 102 उत्तरं बरोबर आली. हा अभ्यास 2009 साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेच्या वर्गात तो जसाच्या तसा नेता येईल, आणि पहिला प्रश्न ज्योतिषांना नव्हे तर नारळीकरांना विचारावा: तुमचा 28 चा आकडा कशावरून? 24 वाल्या ज्योतिषाला ‘काहीतरी येतं’ असं का मानायचं नाही? उत्तरासाठी पुस्तक लागत नाही, प्रत्येकाकडे एक नाणं हवं. साठ जणांच्या वर्गाने प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवावं, दर वेळी छापा की काटा ते आधी सांगावं आणि बरोबर आलेले फळ्यावर मांडावेत. 28 च्या पुढे बहुतेक कोणी जाणार नाही. तिथवर पोचण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी आहे. पण 24 किंवा त्याहून जास्त आलेले सात-आठ जण त्याच वर्गात, त्याच बाकांवर बसलेले सापडतील.